ऐकिडो : आधी पडायला शिका

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या सोसायटीला २५ वर्षं पूर्ण झाली. पहिल्या पावसाळ्यात जिथं चिखलातून चप्पल हातात घेऊन यावं लागायचं, तिथं आज मांडव घालून आपण बसलो आहोत. या आनंदाच्या प्रसंगी समितीनं मला 'ज्येष्ठांचे आरोग्य' या विषयावर दहा-पंधरा मिनिटं बोलायला सांगितलं. सचिवांची परवानगी घेऊन मी विषय थोडा वळवला आहे. मी बोलणार आहे ऐकिडोवर. हे नाव ऐकून शेजारच्या सूनबाई म्हणाल्या, "काकाजी, ते ऐकाचं आहे का कराचं, ते तं सांगा आधी!" मी म्हटलं, दोन्ही. आणि खरंच, या विद्येत ऐकण्याला फार किंमत आहे. समोरच्याचा जोर कुठून येतो, कुठं चालला आहे, हे आधी अंगानं ऐकायचं असतं.

हा विषय मी का निवडला, ते सांगतो. गेल्या काही वर्षांत आपल्या सोसायटीत तीन प्रकारच्या काळज्या मी वारंवार ऐकतो. एक, म्हातारी माणसं घरात, बाथरूममध्ये, जिन्यावर पडतात. दोन, मुली संध्याकाळी शिकवणीहून सायकलीनं परत येतात तोवर आईचा जीव दारात असतो. तीन, फोनवरून कुणीतरी धमकावतं आणि आयुष्यभराची पुंजी घेऊन जातं. वरवर पाहता या तिन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. पण तिन्ही वेळा एकच गोष्ट घडते : अचानक धक्का येतो, आपण आखडतो आणि तोल जातो. तोल जाण्याच्या त्या क्षणी काय करायचं, याचं शिक्षण म्हणजे स्वसंरक्षण. एवढ्या व्यापक अर्थानं मी तो शब्द वापरतो आहे.

आधी शब्दाचा अर्थ. 'ऐ' म्हणजे जुळणं, मेळ बसणं. 'कि' म्हणजे श्वासातली, जिवंतपणातली शक्ती. आपल्याकडच्या प्राण या शब्दाच्या जवळ जाणारा हा शब्द आहे. 'डो' म्हणजे मार्ग. जुडोतला डो तोच. समोरच्याच्या शक्तीशी मेळ घालण्याचा मार्ग, असा सोपा अर्थ घेऊ.

ही विद्या घडवली मोरिहेइ उएशिबा या जपानी गृहस्थांनी. १४ डिसेंबर १८८३ रोजी तानाबे या गावी त्यांचा जन्म झाला. लहानपणी प्रकृती अशक्त. उंची जेमतेम पाच फुटांच्या थोडी वर. तरुणपणी रशिया-जपान युद्धात ते सैनिक होते. १९१२ साली गावातल्या काही कुटुंबांना घेऊन ते उत्तरेकडच्या होक्काइडो बेटावर शिराताकी इथं नवी वसाहत करायला गेले. बर्फाचा मुलूख, जंगल तोडून शेती करायची. होक्काइडोतच १९१५ साली त्यांना सोकाकु ताकेदा हे जुन्या जुजुत्सुचे नामांकित उस्ताद भेटले आणि त्यांच्याकडून ते शिकले. पुढं १९३१ साली टोकियोत त्यांची मोठी व्यायामशाळा उभी राहिली. पोलीस, लष्करी अधिकारी तिथं शिकायला येत. पण १९४२ साली, महायुद्ध ऐन भरात असताना, ते टोकियो सोडून इवामा नावाच्या खेड्यात गेले. सकाळी शेती आणि मग सराव, असा क्रम त्यांनी ठेवला. ऐकिडो हे नाव रूढ झालं तेही त्याच वर्षी. युद्धानंतर १९४८ साली त्यांच्या संस्थेला जपान सरकारची मान्यता मिळाली आणि तिथून ही विद्या जगभर गेली. २६ एप्रिल १९६९ रोजी ते वारले. पुढं मुलानं आणि आता नातवानं ती परंपरा चालवली आहे.

या चरित्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्यांची शेती. धानाच्या मुलखातल्या माणसाला ऐकिडो समजायला जड जात नाही, हा माझा अनुभव आहे.

मी हे नुसतं वाचून सांगत नाही. मुलाकडं पुण्याला दोन हिवाळे राहिलो, तेव्हा नातीला तिच्या ऐकिडोच्या वर्गाला सोडायला जात असे. तिथल्या शिक्षकांनी मलाही गादीवर बोलावलं. डॉक्टरांना गुडघे आणि रक्तदाब दाखवून, त्यांनी 'जेवढं झेपेल तेवढंच' असं बजावल्यावर मी जाऊ लागलो. मला पट्टा-बिट्टा काही मिळालेला नाही. पण जे शिकलो ते अंगात राहिलं आहे, तेवढंच तुमच्यासमोर ठेवतो.

वर्गात गेल्यावर पहिलं वेगळेपण दिसतं ते असं, की तिथं जिंकणं-हरणं नाही. ऐकिडोच्या मुख्य परंपरेत स्पर्धाच नाहीत. दोघांनी जोडीनं सराव करायचा. एकानं पकडायचं किंवा मारायला यायचं, त्याला 'उके' म्हणतात. दुसऱ्यानं डाव करायचा, तो 'नागे'. चार वेळा तू, चार वेळा मी, मग भूमिका बदलायची. दोघंही आधी आणि नंतर एकमेकांना वाकून नमस्कार करतात. माझी जोडी बरेचदा सातवीतल्या मुलीशी लागायची आणि ती मला, "आजोबा, खांदा सैल सोडा," असं दटावून सांगायची.

आता यातली युक्ती सांगतो. पोळ्याच्या दिवशी बँडच्या किंवा फटाक्याच्या आवाजानं एखादा बैल बुजतो आणि उधळतो. नवखा पोरगा काय करतो? समोर उभा राहून हात आडवे करतो, नाहीतर मागून कासरा खेचतो. मुरलेला शेतकरी तसं करत नाही. तो बाजूनं येतो, कासरा हातात घेतो, बैलाबरोबर चार पावलं धावतो आणि मग त्याला गोल वळवून आणतो. बैलाचा जोर तेवढाच राहतो, फक्त दिशा बदलते. ऐकिडोत नेमकं हेच आहे. जोरासमोर उभं राहायचं नाही. एकतर तिरपं पाऊल टाकून त्याच्या कडेला आत शिरायचं, त्याला 'इरिमी' म्हणतात. किंवा त्याच्याच दिशेनं वळून त्याला आपल्याभोवती फिरवायचं, ते 'तेन्कान'. खो-खो खेळलेल्या बायकांना हे लगेच कळेल. हुलकावणी देणारी मुलगी धावणारीच्या मार्गात उभी राहत नाही, शेवटच्या क्षणी बाजूला होते.

दुसरा दाखला मनगटाचा. कुणी आपलं मनगट घट्ट धरलं की आपण हात आपल्याकडं खेचतो. मग जोराला जोर लागतो आणि ज्याच्या दंडात ताकद जास्त तो जिंकतो. त्याऐवजी खांदा सैल सोडा, कोपर अंगाजवळ घ्या, हात ओढण्याऐवजी आपणच हाताजवळ जा आणि कमरेतून वळत मनगट त्याच्या अंगठ्याच्या बाजूनं काढा. मुठीचा दरवाजा अंगठ्याकडं असतो. चार बोटांच्या बाजूला भिंत आहे. घरी गेल्यावर नवरा-बायकोनं हे करून पाहायला हरकत नाही, फक्त भांडण सुरू असताना नको.

तिसरी गोष्ट मध्याची. बेंबीच्या खाली दोन-तीन बोटं एक जागा आहे, तिला जपानी लोक 'तांदेन' म्हणतात. सगळी हालचाल तिथून सुरू करायची, श्वासही तिथपर्यंत खाली न्यायचा. शिक्षकांनी हे सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आपल्या रोवणीच्या बाया आल्या. बांधीतल्या गुडघाभर चिखलात त्या दिवसभर कमरेतून वाकून पऱ्हे लावतात, मागं मागं सरकतात, एका हातात पेंढी असते, आणि पडत नाहीत. निसरड्या धुऱ्यावरून डोक्यावर ओझं घेऊन चालणारी बाई पायाकडं पाहत नाही. तिचं वजन खाली, पोटात असतं. ही विद्या आपल्या आयाबहिणींच्या अंगात होतीच. ट्रॅक्टर आला, यंत्रं आली, सोफा आला आणि ती हळूहळू अंगातून निघून चालली.

आणि आता मुख्य मुद्दा. ऐकिडोत पहिल्या दिवशी मारायला किंवा धरायला शिकवत नाहीत. पडायला शिकवतात. त्याला 'उकेमी' म्हणतात. हनुवटी छातीकडं घ्यायची म्हणजे डोकं आपटत नाही. पाठ गोल करायची, पाळण्याच्या तळासारखी. पडताना सरळ ताठ हात जमिनीवर टेकवायचा नाही. मनगटाचं हाड बहुधा तसंच मोडतं. श्वास रोखायचा नाही, सोडायचा. आधी उकिडवं बसून मागं लोळायचं, मग हळूहळू उंची वाढवायची. तरुण पोरं महिना-दोन महिन्यांत घडीभर चेंडूसारखी लोळायला लागतात. पण त्यातून कळतं ते हे, की जमिनीची भीती गेली की शरीर आखडत नाही, आणि शरीर आखडलं नाही की पडणंही कमी होतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळं मरण पावतात. त्यांतली ८० टक्क्यांहून जास्त आपल्यासारख्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली असतात आणि सर्वाधिक प्रमाण साठीच्या पुढच्यांचं असतं. खुब्याचं हाड मोडलं की म्हाताऱ्या माणसाचं काय होतं, हे आपल्यापैकी अनेकांनी घरात पाहिलं आहे. अंथरूण धरलं की मग छातीत कफ, जखमा, उदासी, एकामागून एक सुरू होतं. दुसऱ्या बाजूला चांगली बातमीही आहे. २०१९ साली अनेक देशांतल्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेण्यात आला. तोल आणि पायांची ताकद वाढवणारा व्यायाम नियमित केल्यास ज्येष्ठांचं पडणं जवळपास एक-चतुर्थांशानं कमी होतं, असं त्यात आढळलं. यासाठी औषध नको, यंत्र नको.

मात्र एक सांगून ठेवतो. साठी ओलांडलेल्यांनी ऐकिडोच्या कोलांट्या घ्यायच्या नाहीत. ज्यांची हाडं ठिसूळ आहेत, चक्कर येते, खुब्याची किंवा मणक्याची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी तर अजिबात नाही. आपल्यासाठी उकेमी म्हणजे जमिनीवर नीट बसणं आणि जमिनीवरून नीट उठणं. आठवून पाहा, आपण पाटावर बसून जेवायचो. दिवसातून वीस वेळा जमिनीवर बसणं-उठणं व्हायचं, तोच व्यायाम होता. आता टेबल, पलंग, कमोड. गुडघे दुखतात म्हणून ते लागतंच, पण त्यामुळं जमिनीशी असलेली ओळख तुटली.

म्हणून रोज दहा मिनिटं एवढं करा. भिंतीला किंवा ओट्याला हात लावून एका पायावर दहा अंक मोजेपर्यंत उभं राहा, मग दुसऱ्या पायावर. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता पाच वेळा उठा-बसा. दिवसातून एकदा, कुणी जवळ असताना, पलंगाचा आधार घेऊन सतरंजीवर बसा आणि उठा. उठण्याची रीत अशी : आधी कुशीवर वळायचं, मग हात-गुडघ्यांवर यायचं, पलंगापर्यंत रांगत जायचं, दोन्ही हात पलंगावर ठेवायचे, एक पाऊल पुढं टेकवायचं आणि श्वास सोडत उठायचं. खरोखर पडलात तर हीच रीत कामी येते. पण पडल्यावर लगेच उठू नका. आधी चार श्वास घ्या, कुठं दुखतं ते पाहा. मांडी हलवताना खुब्यात कळ आली तर उठायचा प्रयत्न न करता हाक मारा. रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा, मग उभे राहा. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे विसरू नये. आणि बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घ्या. महिन्याच्या किराण्याहून तो स्वस्त पडतो.

काही मंडळी म्हणतील, आपल्याकडं एवढं सगळं असताना जपानचं कशाला? प्रश्न बरोबर आहे आणि उत्तरही आनंदाचं आहे. उएशिबांचा जन्म १८८३ सालचा. त्याच वर्षी, ३० ऑगस्टला, गुजरातेत डभोई इथं एका मराठी घरात जगन्नाथ गणेश गुणे जन्मले. तेच पुढं स्वामी कुवलयानंद झाले. तरुणपणी ते बडोद्याला प्रा. माणिकराव यांच्या आखाड्यात घडले. माणिकराव हे जुम्मादादांचे शिष्य, व्यायामाचे आणि हाडवैद्यकीचेही मोठे जाणकार. त्या आखाड्यातून बाहेर पडलेल्या कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापलं आणि योगाचा शरीरावर काय परिणाम होतो, हे प्रयोगशाळेत मोजायला सुरुवात केली. एकाच वर्षी जन्मलेली ही दोन माणसं. दोघांनी सुरुवात केली मर्दानी विद्येपासून आणि दोघं पोहोचले श्वासापाशी, मनापाशी. एकमेकांना ती कधी भेटलीही नसतील, पण वाट एकाच दिशेला गेली.

आपल्या विदर्भातलं उदाहरण तर घरचंच आहे. नोकरीच्या काळात काही वर्षं मी अमरावतीला होतो. पहाटे फिरायला निघालं की हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर मुलं-मुली दिसायची. १९१४ साली वैद्य बंधूंनी लावलेलं ते रोप. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकानं तिथं जाऊन कबड्डीसह आपले देशी खेळ आणि व्यायाम दाखवले. परक्या देशात जाऊन आपलं दाखवायचं आणि त्यांचं चांगलं ते पाहून यायचं, ही रीत विदर्भाला नवी नाही. रवींद्रनाथ ठाकूरांनीही १९२९ साली शांतिनिकेतनात जुडो शिकवायला जपानहून ताकागाकी या शिक्षकांना बोलावलं होतं.

आखाड्यातली माती आठवा. ताक, तेल, हळद घालून ती मऊ ठेवतात, कशासाठी? पोरांना पडता यावं म्हणून. उस्ताद धोबीपछाड शिकवायच्या आधी पोराला त्या मातीत शंभर वेळा पडायला लावतो. मल्लखांबावरचा मुलगाही आधी सुटायला शिकतो, मग चढायला. म्हणजे ऐकिडोनं मला परकं काही शिकवलं नाही. आपल्याच गावची वाट दुसऱ्या बाजूनं दाखवली.

आता मुलींविषयी, आणि इथं मला थोडं स्पष्ट बोलावं लागेल. ऐकिडो, जुडो, कराटे काहीही असो, चार दिवसांच्या शिबिरात स्वसंरक्षण येत नाही. ऐकिडो तर सावकाश येणारी विद्या आहे. डाव अंगवळणी पडायला वर्षं लागतात. चार दिवस शिकून पोरीला वाटलं की आता मी कुणालाही लोळवीन, तर तो गैरसमज जास्त धोक्याचा. चांगला शिक्षक क्रम असा सांगतो : आधी लक्ष, मग अंतर, मग आवाज, मग पळ, आणि शेवटी हात. रस्त्यानं जाताना कानात यंत्र घालून जाऊ नका. कुणी जवळ येऊ लागला तर दोन हात अंतर राखा, त्याला ऐकिडोत 'मा-आइ' म्हणतात. पोटातून ओरडा. संधी मिळताच उजेडाकडं, माणसांकडं पळा आणि ११२ ला फोन करा. मनगट सोडवणं हे पळण्यासाठी, लढण्यासाठी नाही.

कायदाही हेच सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ ही स्वसंरक्षणाच्या हक्काची कलमं आहेत. आधी भारतीय दंड संहितेत ती ९६ ते १०६ होती. स्वतःचा आणि दुसऱ्याचाही जीव वाचवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण बचावासाठी जेवढं आवश्यक तेवढंच बळ वापरायचं. हल्ला थांबला, तो पळाला, की मागून जाऊन मारणं हा बचाव राहत नाही. समोरच्याला गरजेपेक्षा जास्त इजा न करता थांबवायचं, हे ऐकिडोचंही ब्रीद आहे.

आणि आणखी एक. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल पाहिले तर बलात्काराच्या बहुतेक प्रकरणांत आरोपी मुलीच्या ओळखीतलाच असतो. नातेवाईक, शेजारी, शिकवणीतला कुणी. तिथं मनगट सोडवण्याचा डाव पुरा पडत नाही. तिथं लागतो घरातला एक माणूस, जो मुलीचं बोलणं मधे न तोडता ऐकून घेईल आणि तिच्यावर विश्वास ठेवेल. 'तूच काहीतरी केलं असशील' हे वाक्य आपल्या सोसायटीतल्या एकाही घरात कुणी उच्चारू नये, एवढी हात जोडून विनंती. लहान मुलांसाठी १०९८ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक प्रत्येक जिन्यात लिहून ठेवू. पोरींना संध्याकाळी घरात बसवून ठेवणं हा उपाय नाही. मागच्या गेटपासून मोठ्या रस्त्यापर्यंतचे दिवे लागलेले असणं, हा उपाय आहे.

आता फोनवरच्या दरोड्याविषयी. आयुष्य बँकेत गेल्यामुळं हे सांगणं माझं कर्तव्यच आहे. "मी पोलिसांतून बोलतो, तुमच्या आधारवर पार्सल सापडलं आहे, फोन ठेवू नका, कुणाला सांगू नका, तुम्हाला डिजिटल अटक केली आहे." हा प्रकार कसा चालतो ते ऐकिडोच्या नजरेनं पाहा. तो आधी धक्का देतो. मग आपल्याला आखडवून ठेवतो, म्हणजे घाबरवून. मग ओढत नेतो. त्याच्याशी वाद घालणं, आपण निर्दोष आहोत हे त्याला पटवणं, म्हणजे बैलासमोर उभं राहणं. बाजूला व्हायचं. एक लांब श्वास सोडायचा आणि फोन बंद करायचा. मग मुलाला, शेजाऱ्याला, कुणालाही हाक मारायची. डिजिटल अटक नावाची गोष्ट भारतीय कायद्यात नाहीच. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही थांबा, विचार करा, मग कृती करा, अशा तीन पायऱ्या सांगितल्या होत्या. पैसे गेलेच असतील तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० वर कळवायचं. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येतात, म्हणून पहिला तास लाखमोलाचा. आणि बँक कधीही फोनवर ओटीपी मागत नाही, हे मी चाळीसदा सांगितलं असेल, आज एक्केचाळिसावी वेळ.

शेवटी मनाविषयी. ऐकिडोच्या वर्गात सुरुवातीला आणि शेवटी काही मिनिटं गुडघ्यांवर शांत बसतात. ज्यांना जमत नाही ते मांडी घालतात, मी खुर्ची घेत असे. श्वास खाली पोटात जातोय का, एवढंच पाहायचं. त्यातून एक सवय लागते. राग येतो तेव्हा तो आधी शरीरात कळतो. खांदे वर जातात, जबडा आवळतो, श्वास छातीत अडकतो. हे लक्षात आलं की तोंड उघडायच्या आत एक श्वास सोडायला उसंत मिळते. पार्किंगवरून, पाण्याच्या टाकीवरून, गच्चीवरच्या वाळवणावरून आपल्या सर्वसाधारण सभेत २५ वर्षांत जेवढा आवाज झाला, त्यातला निम्मा तरी या एका श्वासानं वाचला असता, असं माझं मत आहे. समोरचा ओरडतो तेव्हा त्याचं म्हणणं आधी पूर्ण ऐकून घ्या, तो चार पावलं धावू द्या, मग वळवा.

आता माझा प्रस्ताव. प्रवेशद्वारावर रौप्यमहोत्सवी कमान बांधण्याचा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत येणार आहे. कमान जरूर व्हावी. पण तिच्याआधी आपल्या हॉलसाठी व्यायामाच्या जाड गाद्या घ्याव्यात, अशी माझी विनंती आहे. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी एक तास ज्येष्ठांसाठी आणि संध्याकाळी एक तास मुलामुलींसाठी. ऐकिडोचा शिक्षक रोज मोहाडीला येणार नाही, हे उघड आहे. पण शाळेतले क्रीडाशिक्षक आहेत, तालुक्यात कुस्तीत हाडं घासलेली माणसं आहेत, योग शिकवणाऱ्या बहिणी आहेत. पडणं, उठणं, तोल, श्वास, आवाज एवढं शिकवायला ते पुरेसे आहेत. वर्षातून एकदा नागपूरहून किंवा पुण्याहून जाणकार शिक्षक बोलावून आठवडाभर शिबिर घेऊ. मुलींचा वर्ग चालू असताना हॉलमध्ये दोन आया कायम बसतील, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवू. स्पर्धा नाही, प्रमाणपत्र नाही, फोटो नाही. ज्येष्ठांनी डॉक्टरांना विचारून यावं. उपस्थितीची वही मी स्वतः ठेवीन. वही ठेवायची सवय अजून गेलेली नाही.

आणि एक नियम मुद्दाम सुचवतो. जोडी लावताना लहान-मोठं, पुरुष-बाई, बंगला-फ्लॅट असं काही पाहायचं नाही. ज्याच्याशी पाण्यावरून वाद झाला, त्याच्याच हाताला धरून एका पायावर उभं राहायचं. पडलात तर तोच सावरेल.

चौंडेश्वरी मातेच्या कृपेनं आपण २५ वर्षं एकमेकांच्या शेजारी राहिलो. पुढच्या सुवर्णमहोत्सवाला माझ्या वयाची मंडळी कदाचित नसतील, पण आज समोर बसलेली ही पोरं नक्की असतील. त्यांच्या पायाखाली गादी आणि वाटेवर उजेड असावा, एवढ्यासाठी सभेत हात वर करा, ही विनंती.

  जय हिंद, जय महाराष्ट्र!